बारशाआधीचं गाणं

आप्पासाहेबांच्या विहिरीत कमरेइतक्या पाण्यात उभा राहून गोरखनाथ मोटारीचे नट आवळत होता, तेव्हा वर मांडवातल्या कर्ण्यावर नवंच गाणं लागलं. उड्या मारत जाणारं, बारीक किंचाळणाऱ्या सुराचं. शब्द नव्हते, नुसतंच वाद्य. मेंडोलिन असावं, असं त्याला वाटलं. आप्पासाहेबांच्या मुलीच्या हळदीचा दिवस होता, वर बायकांचा कालवा चालला होता, पोरं शिट्ट्या मारत होती. गोरखनाथही गालातल्या गालात हसला आणि हातातल्या पान्यानं विहिरीच्या दगडावर ठेका धरला.

मग गाणं एका जागी अडलं. शेवटचा सूर यायला हवा होता तो आलाच नाही, मधे रिकामी जागा राहिली. त्या रिकाम्या जागेत वरची सगळी पोरं एका दमात ओरडली, "हुर्र्र!" आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून उड्या मारू लागलं.

गोरखनाथच्या हातातला पाना सुटून पाण्यात गेला.

ती रिकामी जागा त्यानं ठेवली होती. त्याच्या खोलीत बसून, त्याच्या हातानं. तशी जागा दुसऱ्या कुणाच्या गाण्यात असायचं कारण नव्हतं.

काष्टीच्या बाजारपेठेच्या मागच्या आळीत गोरखनाथचं जळलेल्या मोटारी भरून देण्याचं दुकान होतं. दुकान पुढं, घर मागं. जळकी तार काढायची, नवी तार वेढ्यावर वेढे घालत बसवायची, वॉर्निश लावून वाळवायची. काम हाताचं आणि डोळ्याचं, डोकं मोकळंच. त्या मोकळ्या डोक्यात गाणी चालत. एकदा तांब्याची तार आणायला तो नगरला गेला होता, तिथून भिंगारला एका भंगारवाल्याकडं डोकावला. लष्कराच्या छावणीतून आलेल्या मोडक्या सामानात एक गिटार पडली होती. मान वाकलेली, तारा गायब. भंगारवाल्यानं ती मोटारीच्या जुन्या पत्र्यांच्या बदल्यात देऊन टाकली. मान वाकडी असल्यामुळं तारा बोटानं दाबून काही वाजेना. मग गोरखनाथनं ती मांडीवर आडवी घेतली, सायकलच्या ब्रेकची तार उसवून तिच्या बारीक तारा लावल्या, मोटारीच्या शाफ्टचा एक गुळगुळीत तुकडा घेतला आणि तो तारांवरून सरकवत वाजवायला लागला. रेडिओवर तशी गिटार त्यानं ऐकली होती. कुणी शिकवलं नाही. आळीतले लोक म्हणत, गोरख्या मांजर कुरवाळतोय.

आठवणीतली गाणी वाजवता वाजवता पुढं तो स्वतःचीही करू लागला. करणं म्हणजे काय, तर तार भरताना एखादी ओळ डोक्यात यायची, ती दिवसभर घोळवायची, संध्याकाळी तारांवर शोधायची. लिहून ठेवायची सोय नव्हती. सुरांचं लिहिणं त्याला येत नव्हतं. हातानं लक्षात ठेवायचं, नाहीतर गेलं.

त्या वर्षी, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, संक्रांतीच्या आधी त्याच्या बायकोला, रंगुबाईला, पहिली मुलगी झाली. बारशाला तीन दिवस राहिले असताना ती गेली. सकाळी दूध प्यायली, दुपारी अंग तापलं, दिवस मावळायच्या आत संपलं. आळीतल्या बायका जमल्या. आप्पासाहेबांच्या आई, गोजरबाई, गावाचा रीतिरिवाज जिच्या तोंडी, ती दारात उभी राहून म्हणाली, "बारशाआधीचं लेकरू हाय. त्याला नाव न्हाई, त्याचं सुतक न्हाई. त्याच्यामागं रडूबी नये, पुढच्या लेकराला बाधतं. आन् पुन्यांदा त्याचं नाव काढू नका." नाव नव्हतंच, तर काढणार काय? पण त्या दिवसापासून घरात कुणी त्याबद्दल एक अक्षर बोललं नाही. रंगुबाई बोलली नाही, म्हणून गोरखनाथ बोलला नाही. की गोरखनाथ बोलला नाही म्हणून रंगुबाई, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

पाळणा मात्र आढ्याला तसाच टांगलेला राहिला. दुपारी दारातून वारा आला की रिकामा पाळणा हलायचा आणि दोरी कुरकुरायची. एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड. मग वारा पडला की एका बाजूला जाऊन पाळणा थांबायचा, परत फिरताना दोरी वाजायची नाही. गोरखनाथ दुकानात तार भरताना ते ऐकायचा. एके दिवशी न राहवून त्यानं पाळणा सोडून माळ्यावर टाकला. पण दोरीची लय डोक्यातून जाईना. तिचंच गाणं झालं. एक लांब सूर वर जाणारा, एक आखूड खाली येणारा, मधे शाफ्टचा तुकडा तारेवरून घसरत जायचा, आणि शेवटी, पाळणा थांबायचा तिथं, तो सूर घेतच नसे. थांबायचा. दोन श्वास जाऊ द्यायचा, मग पुन्हा पहिल्यापासून.

हे गाणं हातातून जाऊ नये म्हणून ते टेप करून ठेवायचं त्याच्या मनानं घेतलं. छगन कर्णेवाल्याकडं रिळाचं टेपरेकॉर्डर होतं. जुनं, जड, पण चालतं. गोरखनाथनं त्याच्या जनरेटरचं जळालेलं वाइंडिंग भरून दिलं होतं, त्या मैत्रीत छगननं मशीन त्याच्याकडं आणून टाकलं. बाजाराच्या दिवशी दुपारी आळी ओस पडते, तेव्हा गोरखनाथ बसला. दाराला गोधड्या टांगल्या. माइक मळणीच्या सुपात उभा करून त्याच्याभोवती धोतर गुंडाळलं. शेजारच्या श्रीमंत नावाच्या गड्याची पिठाची गिरणी तेवढी चालू होती. बाजाराच्या दिवशी ती थांबतच नसे. भिंत एकच, त्यामुळं तिची धडधड टेपमधेही हलकेच उतरली. आणि गिरणी चालू असली की आळीची लाईट मंद व्हायची, बल्बातली तार नुसती लाल दिसायची. मशीन त्या अर्ध्या लाईटवर दमून फिरलं, टेप हळू सरकली. गोरखनाथला ते कळत होतं. लाईटचं काम करणाऱ्याला नाही कळणार तर कुणाला? त्यानं हिशेबच केला. तशाच मंद लाईटवर परत लावलं की गाणं बरोबर वाजेल. वाजलंही. गिरणी चालू असताना, त्या घरात, ते गाणं अगदी पाळण्याच्या लयीनं वाजायचं.

दुपारी रंगुबाई सुपात गहू निवडत बसायची, तेव्हा तो ते लावायचा. ती काही म्हणायची नाही. तिला आवडत असणार, असं त्यानं धरून चाललं होतं.

पण माणसाचं मन कसं असतं. आपण एखादी वस्तू केली, ती चांगली झाली, तर ती कुणालातरी दाखवावीशी वाटते. छगन मशीन न्यायला आला तेव्हा गोरखनाथनं रीळ काढून घेतलं नाही. म्हणाला, "छगन्या, हे ऐक एकदा. माझं हाय. निवांत ऐक. मग सांग कसं वाटलं ते." छगन म्हणाला, "तुझं? लेका, आता रेडिओवर जातोस का काय!" आणि रीळ मशीनसकट घेऊन गेला. हे कशाचं गाणं आहे, ते गोरखनाथनं सांगितलं नाही. सांगणार कसं? ते बोलायचं नव्हतं ना.

आता विहिरीतून वर चढताना गोरखनाथला काय झालं असेल ते एका घोटात कळलं. छगनला मांडवात ट्यूबलाइटा झगझगीत हव्या असतात, म्हणून तो जनरेटरच्या इंजिनाला जादा वेग देतो. लाईट जोरात येते, मशीन जोरात फिरतं, आणि मंद लाईटवर हळू भरलेली टेप घोडं उधळल्यासारखी पळते. सूर चढतो, लय दुप्पट होते. दुसरं काही नाही. साधं लाईटचं काम. पण साध्या गोष्टीचाही संताप येतो, उलट तिचाच जास्त येतो. पायऱ्या चढताना त्याच्या कानशिलातल्या शिरा उडत होत्या. वर कर्ण्यातून छगनचा आवाज घुमला:

"ऐका हो ऐका! आपल्या काष्टीचे कलाकार गोरखनाथ यांचं माकडगाणं! पब्लिकच्या आग्रहाखातर पुन्हा एकवार! चला, उडवा माकडं!"

पुन्हा शिट्ट्या झाल्या आणि गाणं पुन्हा सुरू झालं.

माकडगाणं. नावही ठेवून झालं होतं.

ओल्या धोतरानं, चिखलाच्या पायांनी तो मांडवाच्या तोंडाशी आला. पोरं एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारत होती. एकानं कमरेला दोरी बांधून घेतली होती, दुसरा ती ओढून त्याला नाचवत होता. रिकामी जागा आली की सगळे मिळून, "हुर्र्र!" पलीकडं बायकांचा घोळका. त्यात दोघी-दोघी फुगड्या घालत होत्या. आणि त्यातल्या एका जोडीत, नाकावर हळदीचं बोट ओढलेली, पदर खोचलेली, तोंड वर करून खदाखदा हसत फिरत असलेली रंगुबाई होती.

गोरखनाथला वाटलं, आपल्या छातीत कुणीतरी पहार मारली.

तो मांडवात शिरलाच नाही. वळून मागच्या बाजूला गेला, जनरेटरच्या इंजिनापाशी वाकला आणि बंद करायचा खटका खसकन ओढला.

इंजिन एकदम थांबत नाही. धापा टाकत, एकेक ठोका सोडत ते बसत गेलं. ट्यूबलाइटा लपलपल्या. त्याबरोबर टेप हळू होत गेली. सूर खाली उतरत आला. माकडाच्या उड्यांचा धावण्याचा वेग झाला, धावण्याचा चालण्याचा झाला, आणि सगळं बंद पडायच्या आधी, दोन श्वासांपुरतं, गाणं आपल्या खऱ्या लयीवर आलं. एक लांब, एक आखूड. तारेवरून घसरत जाणारा तो सूर. मांडवातल्या लोकांना वाटलं कर्णा रडतोय, म्हणून ते हसले. पण फुगडीतले रंगुबाईचे हात सुटले. तिच्या जोडीची बाई धप्पकन मागं पडली. रंगुबाई जागच्या जागी उभी राहिली आणि तिचं तोंड गोरखनाथनं कधी पाहिलं नव्हतं असं झालं.

मग सगळं बंद.

छगन खुर्चीवरून उठून धावत मागं आला. "बसला का काय जनरेटर? आरं, बरं झालं तूच हाईस! बघ लवकर, आप्पासाहेब माझा जीव घेतील."

"मी बंद केला."

"आं?"

"मी बंद केला म्हनलं ना! रीळ काढ माझं."

"आरं, येडा का खुळा तू? लोकं तुझ्या गान्यावर जीव टाकत्यात. चारदा लावलं मी. श्रीगोंद्याच्या बँडवाल्यानं इचारलं, हे कुनाचं म्हनून. मी तुझं नाव सांगितलं. तू माझे पाय धरायचे, तर—"

गोरखनाथनं त्याची कॉलर धरली. सगळी माणसं मागं गोळा झाली. आप्पासाहेब पुढं आले. ते काही वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्या मांडवात त्यांना न विचारता काही होणं त्यांना सोसत नसे.

"कुनी बंद केला रं?"

"मी केला, आप्पासाहेब."

"का?"

काय सांगायचं? बारशाआधी गेलेल्या पोरीच्या रिकाम्या पाळण्यावरचं गाणं आहे, तुमच्या मुलीच्या हळदीत माकडं नाचवायला लावलंत? एवढंच त्याला म्हणता आलं, "ते गाणं वाजवायचं न्हाई."

"गाणं कुनाचं?"

"माझं."

"मग वाजू दे की! तुझं गाणं वाजतंय, तूच रुसतोस?" आप्पासाहेबांनी सगळीकडं पाहून हसून घेतलं. "हां हां, कळलं मला. मानपान राह्यला. कलावंतांचं असंच असतं. ए, टॉवेल-टोपी आना रं! नारळ आना! गोरखनाथचा सत्कार करू, मग तो हसत हसत जनरेटर चालू करंल."

लोक हसले. कुणीतरी खरंच पाहुण्यांसाठी आणलेल्या टॉवेल-टोपीचा जोड घेऊन आलं. आप्पासाहेबांनी स्वतःच्या हातानं टॉवेल गोरखनाथच्या ओल्या खांद्यावर टाकला, टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. एक कार्टं मागून ओरडलं, "माकडाला टोपी!" आणि हशाचा नुसता फवारा उडाला.

गोरखनाथनं टोपी डोक्यावरून ओढली आणि जमिनीवर फेकली. चिखलात.

हशा थांबला. मानाची टोपी कुणी असं करत नाही. आप्पासाहेबांचा चेहरा काळा पडला. "गोरख्या," ते हळू आवाजात म्हणाले, "शुद्धीवर ये. तुझ्या बापालाबी ह्या दारात मान हुता."

तोवर गर्दी बाजूला सारत गोजरबाई काठी टेकत आली. "काय रं, काय मांडलंय हे? हळदीचं घर हाय. पोरीचं चांगलं चाललंय, आन् तू थयथयाट करतोस? काय अपशकुन—"

"अपशकुन?" गोरखनाथ असा ओरडला की म्हातारी एक पाऊल मागं सरली. "तुमीच सांगितलं हुतं ना आक्का? माझ्या दारात उभं राहून? बारशाआधीचं हाय, त्याला नाव न्हाई म्हनलात. रडू नका म्हनलात. न्हाई रडलो! नाव काढू नका म्हनलात. न्हाई काढलं! एक अक्षर बोललो न्हाई आमी. आन् आता नाव कुनी ठेवलं? सांगा की! माकड? माझ्या पोरीचं नाव माकड ठेवलं तुमी सगळ्यांनी मिळून? आन् मला टोपी घालताय?"

कुणाला लगेच कळलं नाही. मग एकेका बाईला कळत गेलं, तशी एकेकीनं पदर तोंडाशी नेला. छगनच्या तोंडाचा रंग उडाला. "आरं गोरख," तो म्हणाला, "मला काय ठावं रं? तू म्हनालास, ऐक कसं वाटतंय. मला वाटलं—"

"तुला कशाला काय वाटंल? तुला उजेड पायजे झगझगीत!"

गोजरबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. आप्पासाहेबांनी चिखलातली टोपी उचलली, झटकली आणि कुणाला द्यावी ते न कळून स्वतःच्याच हातात धरून ठेवली.

रंगुबाई मांडवातून आली. कुणाकडं न बघता ती मशीनपाशी गेली. छगन मागोमाग धावला, टेप गुंडाळून त्यानं रीळ सोडवलं. तिनं ते त्याच्या हातातून घेतलं, पदराखाली धरलं आणि निघाली. एकीनं मागून हाक मारली, "रंगू, जेवून तरी जा गं." ती थांबली नाही. गोरखनाथ तिच्यामागून चालू लागला. कुणी अडवलं नाही, आणि मागं बराच वेळ जनरेटरही कुणी चालू केला नाही.

रस्त्यात ती पुढं, तो मागं. त्याचा राग अजून उतरला नव्हता. आप्पासाहेबावर होता, छगनवर होता, त्या शिट्ट्यांवर होता, आणि आता सगळ्यात जास्त पुढं चाललेल्या त्या पाठीवर होता. ती हसत होती. तोंड वर करून हसत होती. घरात पाऊल टाकताच त्यानं तिच्या हातातून रीळ हिसकलं.

"हे फोडून टाकतो. तारेच्या भट्टीत घालतो."

"घाला," ती म्हणाली. "घाला, लई भलं हुईल."

तो थांबला. असं उत्तर येईल, असं त्याला वाटलं नव्हतं. "तू हसत हुतीस," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांदेखत फुगडी घालत हसत हुतीस."

"व्हय. हसले. ती गेल्यापसून पहिल्यांदा हसले. तेबी तुमी बंद केलं."

"त्या गाण्यावर?"

"छगन तुमचं गाणं म्हनला, पर ते तेच हाय म्हनून मला काय म्हाईत? तुमाला कळलं का? हिरीत हुता तुमी, तुमाला ऐकू येत हुतं. लगेच वळखलं का?"

गोरखनाथला पान्यानं धरलेला ठेका आठवला.

"न्हाई ना वळखलं? तुमी केलेलं, तुमाला वळखलं न्हाई. आन् छगनला काय म्हनून रागावता? त्याला तुमी सांगितलं हुतं का, हे कशाचं हाय?"

"तसं कसं सांगनार?"

"मग ऐकवलं कशाला? वाहवा पायजे हुती. त्यानं पाठीवर थाप मारावी म्हनून दिलं. माझ्या पोरीचं गाणं तुमी थाप मिळवायला दिलं."

"रंगू, तोंड सांभाळ!"

"न्हाई सांभाळत! लई सांभाळलं." तिनं नाकावरची हळद पदरानं खसाखसा पुसली. "रोज दुपारी ते लावायचं आन् माझ्याकडं पाठ करून बसायचं. सुपात माझे हात थांबायचे, ते कधी वळून बघितलंत? मला वाटायचं, आता ह्यो माणूस उठंल, आता म्हनंल, रंगू, आपली पोर गेली गं. एवढंच. एवढं म्हनायला काय तार भरायची हुती? पर न्हाई. गाणं संपलं की पुन्हा गाणं. माझ्याबरुबर कोन रडलं? तुमची गिटार?"

"मी तिच्यासाठीच केलं ते—"

"मला गाणं नको हुतं! तुमी बोलायला पायजे हुतं."

"आक्का म्हनाल्या की बोलू नये—"

"आक्का म्हनाल्या! आक्का हितं येऊन आपल्यासंगं झोपत्यात व्हय?"

बाहेर गिरणी चालू होती, भिंत धडधडत होती. गोरखनाथ रीळ हातात घेऊन तसाच उभा होता. राग होता, पण आता तो कुणावर काढायचा ते उरलं नव्हतं. तो मटकन उंबऱ्यावर बसला. मग खेकसल्यासारखाच, तिच्याकडं न बघता म्हणाला, "तिची करंगळी वाकडी हुती. उजवी."

रंगुबाईनं मान वर केली. "डावी."

"उजवी. मी बघितलीय."

"डावी हुती! पाजत कोन हुतं, तुमी का मी? अंगठा धरायची माझा त्या हातानं. डावी."

"आन् जांभई द्यायची तवा एकच डोळा झाकायची."

"ते बघितलं व्हय तुमी?" तिचा आवाज फाटला, पण राग तसाच होता. "मग सांगितलं का न्हाई कधी? मला वाटलं ते मी एकटीनंच बघितलं."

"आन् केस. केस लई हुते."

"माझ्या आईवर गेली हुती."

"तुझ्या आईवर कशी? माझ्या आईचे केस कमरेपातुर हुते."

"तुमच्या आईचे? डोक्यावर टक्कल पडलं हुतं सासूबाईंच्या, मी तेल लावलंय!"

"मरायच्या वक्ताला! आधी हुते."

रंगुबाई जमिनीवर बसली. आता ती रडत होती, पण भांडायचं सोडून नाही. नाक पुसत म्हणाली, "तुमच्या बनुबाईनं नावबी ठरवून ठेवलं हुतं. आत्याचा मान ना. मला इचारलंबी न्हाई."

"काय ठरवलं हुतं?"

"कलावती."

"कलावती? छ्या! हे काय नाव हाय? मी तर सरस्वती म्हनत हुतो."

"तुमाला कुनी इचारलं? सरस्वती म्हनं! आळीत चार सरस्वत्या हायेत. हाक मारली की चौघी येत्याल."

"मग तू काय म्हनत हुतीस? सांग की."

"न्हाई सांगत."

"न्हाई कसं? बापाला कळायला नको?"

"आता बाप झालात व्हय? इतक्या दिवसांनी?"

आवाज इतका चढला होता की शेजारी गिरणीची धडधड थांबली. श्रीमंत, पिठानं पांढरा झालेला, दाराशी येऊन उभा राहिला. त्यानं मांडवातला प्रकार ऐकला होता की नव्हता, कुणास ठाऊक. "काय रं गोरख," तो घाबरत म्हणाला, "कशावरनं एवढं भांडन? गिरणीत आवाज येतोय."

"नाव ठेवतोय," गोरखनाथ गुरगुरला. "जा तू, दळन बघ."

"नाव? कुनाच्या पोरीचं?"

"आमच्या!" दोघं एकदमच खेकसले, आणि तो जायच्या आत पुन्हा नावावरून जुंपली.